वाऱ्यावर नाचणारा एसडब्ल्यूआर

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) एक साधा डायपोल, म्हणजे दोन हातांची तारेची अँटेना, टांगायचा, एवढाच बेत होता. त्याचं गणित सगळ्यांना पाठ असतं: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी. ७.१ साठी साधारण २० मीटर तार, प्रत्येक बाजूला दहा. थोडी जास्त ठेवून कापली, मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, मध्य चढवला, दोन्ही टोकं तिरकी खाली ओढून बांधली आणि तार आखडत आखडत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे उत्तम) १.३ वर आणला. यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाने, आणि तेही कनेक्टर बसवून विकत मिळालेल्या तयार केबलच्या.

वारा सुटला की मीटरचा काटा १.३ वरून थेट ४ वर उडायचा आणि तसाच झटकन खाली यायचा. बँडवर ज्याला सांगावं त्याचा एकच सल्ला: ओएम (हॅम लोकांचं 'मित्रा'), तार ट्रिम करा. अहो, वाऱ्याने तार लांब-आखूड होते का? टोकं झुलली तर आकडा किंचित इकडेतिकडे सरकेल, तोही हळूहळू. असा झटका म्हणजे कुठेतरी जोड सुटतोय आणि जुळतोय. त्याच क्षणी रिसीव्हरमध्ये कर्रकन आवाज यायचा आणि बँडचा गोंगाट दबायचा, ही दुसरी खूण. मला शंका उरली नव्हती, पण विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "केबल मीटर लावून तपासूनच पाठवतो आम्ही."

त्याचा मीटर म्हणजे मल्टीमीटर. केबलच्या मधल्या तारेभोवती, म्हणजे गाभ्याभोवती, विणलेल्या जाळीचा एक तंतू जरी कुठे टेकलेला असला तरी तो खुशाल बीप वाजवतो. १०० वॅटवर ५० ओहमच्या केबलमधून १.४ अँपिअर वाहतात; त्या एका तंतूच्या भरवशावर ते कसे जाणार? म्हणून माझं सांगणं असं की केबल विकत घ्या किंवा घरी बनवा, मास्टवर चढवण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा, ५ वॅटवर कॅरियर, म्हणजे नुसती सलग लहर, सोडा आणि दोन्ही कनेक्टर हाताने हलवा, वाकवा, खेचा. काटा जागचा हलता कामा नये. मी केबल उतरवून हेच केलं आणि अँटेना जोडलेला नसतानाही काटा नाचला. त्याचा व्हिडिओ पाठवला, तर म्हणे तुमच्या रिगमध्ये (रेडिओ संचात) दोष असेल. रिगला थेट डमी लोड लावून दुसरा व्हिडिओ पाठवला. मग उत्तरच नाही. रोज मेसेज उघडून बघायचा, वाचल्याची खूण दिसायची आणि वर वारा सुटलेला असायचा.

शेवटी कनेक्टर कापला. तो पीएल-२५९ जातीचा होता; त्याच्या अंगावर चार भोकं असतात, जाळीला सोल्डर पोचावं म्हणून. चारही भोकांवर सोल्डरचे चकचकीत ठिपके होते, पण ते वरच्यावर. आत जाळी नुसती दाबून बसवलेली. दिसायला अगदी सुबक!

निकेलचा मुलामा असलेल्या अंगाला सोल्डर सहजी धरत नाही. भोकांच्या कडा कानशीने घासून खालचं पितळ उघडं करा, किंवा चांदीच्या मुलाम्याचा कनेक्टर घ्या. आतलं इन्सुलेशन टेफ्लॉनचं बघून घ्या, स्वस्तातलं प्लॅस्टिक तापलं की गाभ्याची पिन तिरकी होते. सोल्डरिंग आयर्न १०० वॅटचं तरी हवं, जाड टोकाचं. छोट्या आयर्नने अंग तापायला वेळ लागतो आणि तोवर केबलमधलं पॉलिथिलीन वितळून गाभा जाळीला टेकतो. भरपूर उष्णता, पण थोडा वेळ. आत फोमचं इन्सुलेशन असलेल्या केबलला तर आणखी जपून. आणि बाहेरची फिरती रिंग केबलवर आधी सरकवून घ्या!

मी बसवलेले कनेक्टर आता कितीही खेचा, काटा ढिम्म. याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

एसडब्ल्यूआर कमी दिसतो म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. १४४ मेगाहर्ट्झवर ५० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल सुमारे १० डीबी खाते, म्हणजे शक्तीचा जेमतेम दहावा भाग पुढे पोचतो. तिच्या पलीकडच्या टोकाला काहीही जोडलेलं नसलं तरी शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) मीटर १.२ दाखवेल, कारण परत येणारी शक्तीही केबलच गिळते. तिथे आरजी-२१३ किंवा त्याहून जाड केबल लागते. ४० मीटर बँडवर थोड्या लांबीला आरजी-५८ चालून जाते.

पाण्याचं सांगायचं राहिलं. पीएल-२५९ मध्ये पाणी अडवणारं काही नसतं. एन-टाइप कनेक्टरमध्ये निदान रबरी वॉशर असतो. पाणी एकदा जाळीत शिरलं की ते केबलभर झिरपत जातं आणि ती केबल टाकूनच द्यावी लागते. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) चांगली ताणून गुंडाळा, तिच्यावर पीव्हीसी टेप. ही वरची टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर येतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्याच्या आम्लाने तांबं खराब होतं. केबल घरात शिरते तिथे खाली एक झोळ ठेवा, थेंब बाहेरच गळतील. आणि केबलचं वजन कनेक्टरवर टाकू नका. मधल्या इन्सुलेटरला केबल बांधून घ्या, ओढ तिथे जाऊ दे.

मास्टसाठी दोनच गोष्टी. तो कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, अशीच जागा निवडा. ही जागा मिळत नसेल तर मास्ट उभारूच नका. ताणाला पॉलिप्रॉपिलीनची दोरी नको, उन्हाने तिचा भुगा होतो, पॉलिएस्टरची टिकते.

विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, पण बऱ्याच दिवसांनी बदली केबल पाठवली. सोबत चिठ्ठी: तपासून पाठवली आहे. तिची दोन्ही टोकं कापली, माझे कनेक्टर बसवले आणि मगच वर चढवली.