तुम्ही विचारलंत म्हणून: ढोंग्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी अजून का जाते?

हा प्रश्न बहुतेकदा हसत हसत येतो. ‘रविवारी गुडघे टेकायचे आणि सोमवारी माणसं गिळायची, अशा लोकांत तुम्ही बसता तरी कशा?’ विचारणाऱ्याच्या बोलण्यात कधी खवचटपणा असतो, कधी खरीखुरी जखम. जखम असेल तर ती लगेच कळते, कारण तो माणूस हसता हसता नजर चुकवतो.

आधी एक मान्य करून टाकते. हा समज कुणी आमच्यावर आकसाने लादलेला नाही. धर्माविषयी पाहण्या करणाऱ्या अमेरिकेतल्या बार्ना ग्रूपने २००७ साली १६ ते २९ वयाच्या, ख्रिस्ती नसलेल्या तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यातल्या ८५ टक्क्यांना आजचा ख्रिस्ती धर्म ढोंगी वाटत होता. हा आकडा ऐकला की आमची मंडळी वर्तमानपत्रांना आणि सिनेमांना दोष देऊ लागते. पण त्याच पाहणीत चर्चला नियमित जाणाऱ्या तरुणांपैकी जवळजवळ निम्म्यांचीही तीच तक्रार होती. त्यांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. बाकावर बसून पाहिलेलं होतं.

यावर आमची दोन पाठ उत्तरं आहेत. ‘माणसांकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा’ हे पहिलं. ऐकायला नम्र वाटतं, पण येशूने याच्या अगदी उलट सांगितलंय. तुमची एकमेकांवर प्रीती असेल तर त्यावरून सगळे ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात, असं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो. म्हणजे आमच्याकडे पाहून पारख करायचा अधिकार त्यानेच जगाला दिलाय. तो आम्ही कोण काढून घेणार?

दुसरं उत्तर असं की चर्च म्हणजे पाप्यांचं रुग्णालय, तिथे आजारीच भेटणार. मला हे वाक्य फार चिडवतं. रुग्णालयात गेल्याबरोबर कुठे दुखतं ते सांगावं लागतं. आमच्याकडे उपासना सुटल्यावर ‘कसं काय?’ला ‘प्रभूच्या कृपेने सगळं छान’ हे एकच उत्तर चालतं. कर्ज, दारू, नवऱ्याचा मार, मुलीचं निराश होणं, सगळं त्या ‘छान’च्या खाली.

खरं तर चुकणं आणि ढोंग यांत फरक आहे आणि तो बाहेरच्यांना आमच्यापेक्षा चांगला कळतो. रागावर प्रवचन देणाऱ्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, तोल गेला आणि त्यांनी क्षमा मागितली, तर त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही. लोक भडकतात ते झाकाझाकीवर.

अंत्युखिया शहरातलं, येशूचा शिष्य पेत्र याचं प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, एका पंक्तीला जेवत होता; कडव्या यहुद्यांना हे चालत नसे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि त्यांच्या भीतीने तो हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा सरकला. प्रेषित पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर जाब विचारला, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात या वागण्याला सरळ ढोंग म्हटलं. प्रेषितांच्या यादीत पहिलं नाव असलेल्या माणसाबद्दल! ते पत्र कुणी फाडलं नाही, गाळलं नाही. पवित्र शास्त्रात घातलं.

आम्ही आज काय करतो? आमचा लाडका शब्द आहे ‘साक्ष’. आपल्या वागण्यातून ख्रिस्ताची ओळख पटावी, हा त्याचा मूळ भाव. पण एका मंडळीच्या सभेत पैशांच्या हिशेबाबद्दल प्रश्न निघाला, तेव्हा ‘बाहेर बोलू नका, साक्ष बिघडेल’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग कुणीतरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढतं: भावाने अपराध केला तर त्याला एकांतात सांग. बरोबर. पण तिथे पुढेही पायऱ्या आहेत. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरी ऐकलं नाही तर मंडळीला कळव. आमचे पाय नेहमी पहिल्याच पायरीवर दुखू लागतात.

याच सवयीचं भयंकर रूप २०१८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, मांडलं. सहा कॅथलिक धर्मप्रांतांत तीनशेहून जास्त धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप, हजाराहून जास्त मुलं. त्यात मला सर्वांत जास्त झोंबली ती भाषा. बलात्काराला ‘बलात्कार’ म्हणायचं नाही, ‘अनुचित संपर्क’ म्हणायचं, हा लपवण्याच्या पद्धतीचा पहिला भाग होता, असं अहवाल सांगतो. प्रोटेस्टंटांनी यावर मान उंचावू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेच्या चौकशीत कळलं, की कार्यालयात सातशेहून जास्त आरोपींची यादी गुपचूप ठेवली जात होती. पीडित स्त्रिया मात्र वर्षानुवर्षं अशा नोंदवहीसाठी दारं ठोठावत होत्या.

‘इतकं सगळं माहीत असूनही?’ हो. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेला माणूस. त्याचा मालक १८३२ मध्ये एका धार्मिक मेळाव्यात ‘पालटला’, म्हणजे भाविक ख्रिस्ती झाला, आणि त्यानंतर जास्तच क्रूर झाला. एका पांगळ्या तरुणीला चाबकाने फोडताना तो बायबलमधली वचनं म्हणायचा. हे १८४५ च्या आत्मचरित्रात लिहून डग्लस शेवटी वेगळी पुरवणी जोडतो: या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत मला जास्तीत जास्त अंतर दिसतं, आणि दुसऱ्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच पहिल्याचा मी द्वेष करतो, अशा अर्थाचं. मी याच जागेवर उभी आहे. चर्चला झोडपणारे सर्वांत कडक शब्द मला चर्चच्याच पुस्तकात सापडतात. ‘शास्त्र्यांनो, परूश्यांनो, ढोंग्यांनो’ हे येशूने नास्तिकांना उद्देशून म्हटलेलं नाही. स्वतःच्याच यहुदी धर्मातल्या प्रतिष्ठित शिक्षकांना म्हटलंय. त्या येशूला सोडून जावंसं मला वाटत नाही, आणि त्याच्याबद्दल जे मला शिकवलं ते याच वाकड्यातिकड्या लोकांनी. त्यांच्यातल्या काहींनी माझ्या आजारपणात रात्री जागवल्यात. तेही खोटं नव्हतं.

जे सोडून गेले त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ‘परत या’ असंही म्हणत नाही, निदान ज्यांना तिथेच मार बसला त्यांना तरी. त्यांचं ऐकून घेणं हे माझं काम. समजूत घालणं नव्हे.

आणि कुणी विचारलंच, की मग जावं कुठल्या चर्चमध्ये, तर मी गायनावरून किंवा प्रवचनावरून ठरवू नका म्हणते. तिथला कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. पाळकांविरुद्ध तक्रार आली तर ती कोण ऐकतं, आणि दानपेटीचा हिशेब सभासदांना कधी दाखवता? पहिल्याचं उत्तर ‘पाळकच’ असं आलं, किंवा दुसऱ्यावर ‘तुमचा विश्वास नाही का?’ असा उलट प्रश्न आला, तर दुसरं चर्च शोधा.