तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीची तपासणी केलीत का?

माझा आजार कळला की बहुतेकांचा पुढचा प्रश्न हाच असतो. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मणक्यांवर उलटते. लेकीची तपासणी मी केलेली नाही, आणि ते विचार करूनच.

सहा वर्षं मला "मणक्यात गॅप आहे, झोपून राहा" एवढंच ऐकायला मिळालं. पण झोपलं की दुखणं वाढायचं. पहाटे उठून घरात येरझाऱ्या घातल्या की कंबर सैल व्हायची. तरी मोजे बायकोच चढवून द्यायची. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी पाठीवर पेनने दोन खुणा केल्या, १० सेंटिमीटर अंतरावर, आणि वाकायला लावलं. ते अंतर १५च्या आसपास जायला हवं. माझं साडेअकराला अडलं. मग रक्तात एचएलए-बी२७ निघालं. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, बी२७ हा त्यांचा एक प्रकार, जनुकातून आईबापांकडून येणारा.

१९७३ साली लंडनच्या डॉक्टरांनी या आजाराचे ७५ रुग्ण तपासले, त्यांतल्या ७२ जणांत बी२७ होतं. वाचून धडकीच भरते. पण उलट बाजूने मोजा: बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार जन्मात होत नाही.

शिवाय त्याचं खरं काम वेगळंच आहे. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडतात, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ते पारखतात. कुठला तुकडा मांडला जाईल, ते एचएलएवर ठरतं. एचआयव्हीच्या आतल्या कवचाचा एक तुकडा बी२७ नेमका पकडतं. विषाणूने तो तुकडा बदलला तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. त्यामुळे बी२७वाल्यांमध्ये एचआयव्हीची लागण एड्सपर्यंत जायला सहसा जास्त काळ लागतो. हे कळल्यापासून "खराब जनुक" हा शब्द मी घरात कुणाला काढू देत नाही.

लेकीकडे ते आलं असण्याची शक्यता निम्मी. बापाला आजार आहे, तेव्हा तिचा धोका इतरांपेक्षा जास्त, हेही खरं. पण ती १६ वर्षांची आहे, कबड्डी खेळते, काही दुखत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आज तिला द्यायला औषध नाही. हाती येईल ती फक्त धास्ती. म्हणून तिला दोनच गोष्टी सांगून ठेवल्यात. सकाळी कंबर आखडली, चालल्यावर मोकळी झाली आणि हे तीन महिने चाललं, तर मला सांगायचं. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी सांगायचं. मग तपासणीला आम्ही दोघं जाऊ.