सोळा दिवस गैरहजर

१८ नोव्हेंबर, नाशिक

मुलांच्या शाळेच्या रजेच्या अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे काय लिहायचं, यावर घरात रात्री अर्धा तास गेला. मी लिहिलं होतं ‘घरगुती कारणास्तव’. यांचं म्हणणं, ‘शैक्षणिक सहल’ लिही, वजन पडतं. सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, “नर्मदा परिक्रमा म्हणून सरळ लिही की. चोरी करायला चाललोय का?”

त्यांची ही परिक्रमा गेली बारा वर्षं राहून जातेय. सासरे होते तेव्हा त्यांचं आजारपण, मग कोरोना, मग गुडघे. आता पायी शक्य नाही, म्हणून गाडीने. नातवंडं बरोबर हवीत, ही त्यांची एकच अट. आणि चातुर्मासात परिक्रमा उचलत नाहीत, त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपता संपता निघणं आलंच. मे महिन्यात नेता आलं असतं, असं तीनजणांनी सुचवलं. मे महिन्यातला नर्मदाकाठचा निमाड त्या तिघांनी पाहिलेला नाही.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या बोलल्या. “जा, पण कॅटलॉगमध्ये गैरहजेरीच लागेल हं.” वर्गशिक्षकांची अट, वह्या पूर्ण हव्यात. धाकटा पाचवीत आहे, म्हणजे यंदा नापास होण्याची सोयही आहे. पालकांच्या ग्रुपवर एकीने ‘किती लकी!’ लिहिलं, दुसरीने ‘आम्हाला नाही बाई एवढी रिस्क परवडत’. दोघींनाही मी नमस्काराचा हात टाकला.

थोरलीने हिशोब केला. एकोणीस दिवसांतले तीन रविवार वजा केले तर सोळा. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा, असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, पाचवीपर्यंत २००. “माझी ७.२७ टक्के बुडणार, त्याची ८.” धाकट्याला आपण जिंकलो असं वाटलं.

२२ नोव्हेंबर, प्रकाशा

काल ओंकारेश्वरला कुपीत पाणी भरून निघालो. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, एवढे दोन नियम मुलांना पाठ झाले. बडवानी सोडल्यावर मात्र रस्ता नदीपासून लांब जातो, मध्ये सातपुडा येतो. शहाद्याच्या अलीकडे चहाला थांबलो.

टपरीच्या पलीकडे एक ट्रक उभा होता. वर पत्र्याच्या पेट्या, चुलीची लाकडं, कोंबड्या, आणि त्यांच्या मधे माणसं. धडगावकडची टोळी ऊसतोडीला सुरतेकडे निघाली होती. खाली हापशावर एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन कळशी भरत होती. थोरली तिच्याजवळ गेली. मी बाकावरून ऐकत होते.

“कितवीत आहेस?”

“सातवी.”

“मी पण!”

मग थोडा वेळ दोघी नुसत्याच हसत उभ्या. त्या मुलीचं मराठी अगदी पुस्तकातलं होतं, एकेक शब्द सुटा. तिने आमच्या गाडीकडे पाहिलं, टपावरच्या गाठोड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कुठे चालले कामाला?”

“आम्ही... फिरायला,” थोरली म्हणाली.

तिच्या आईशी मी बोलले. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की जाईल तिथल्या शाळेत बसता यावं, असा हेतू. मी विचारलं, कार्ड घेतलंय ना हिचं? बाईने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली, उलगडली आणि आधार कार्ड माझ्या हातात दिलं. बरोबरच आहे, कार्ड म्हटलं की आजवर तेच मागितलं गेलंय. आणि हमी कार्ड असतं तरी फडाजवळची शाळा गुजराती. घरी पावरी, शाळेत मराठी, आता गुजराती. शिवाय भाऊ कडेवर.

“शाळेत काय सांगून आलात?” मी विचारलं.

“काय सांगायचं? गेलो की कळतं त्यांना.”

मी अर्जाचा मसुदा तीनदा बदलला होता. तोडीहून परतायला त्यांना होळीच्याही पुढे होतं. त्या सगळ्या काळात ती शाळेच्या दप्तरी कोण असते, तर ‘अनियमित’, नाहीतर सरळ ‘शाळाबाह्य’. माझी पोरं मात्र परत जाऊन वर्गात ‘माझा प्रवास’ वाचून दाखवणार. ट्रक आधी निघाला. गाडीत थोरली प्रकाशा येईपर्यंत काही बोलली नाही. मला बोलायचं होतं, पण काय बोलले असते ते आत्ता लिहितानाही सुचत नाहीये.

२४ नोव्हेंबर

नदी समुद्राला मिळते तिथे, कठपोरहून होडीने खाडी पार केली; परिक्रमेत काठ इथेच बदलतात. भरतीवर अवलंबून असल्याने पहाटेपासून चिखलात ताटकळलो. धाकट्याला दोनदा ओकारी झाली. नर्मदेला त्रिभुज प्रदेश नाही, ती थेट खाडीतून समुद्राला मिळते, हे थोरलीच्या भूगोलात एका ओळीत आहे. इथे ती ओळ संपता संपत नाही, चारी बाजूंना नुसतं मातकट पाणी. कुपीतलं अर्धं पाणी सासूबाईंनी समुद्राला दिलं आणि तेवढंच खारं भरून घेतलं.

गाडी भरूचच्या पुलावरून येऊन पलीकडच्या काठावर मिठीतलाईला उभी होती. धाकटा थोडा बरा होताच म्हणाला, “म्हणजे गाडीने नदी ओलांडली! गाडीची परिक्रमा मोडली!”

“गाडीला कुठे मोक्ष हवाय,” सासूबाई म्हणाल्या.

२ डिसेंबर, अमरकंटक

थंडी फार. पेन धरवत नाही.

वह्यांवरून आज माझं आणि धाकट्याचं वाजलं. रोज एक पान लिहायचं असं ठरलं होतं. भेडाघाटच्या धबधब्याच्या दिवशीचं त्याचं पान: ‘आज आजीने चार वेळा चहा घेतला. धुवाधार मोठा आहे. ड्रायव्हरकाकांना भजी आवडत नाहीत.’ मी म्हटलं, संगमरवराचं कुठे आहे? तो खडक कसा तयार झाला ते बाबांनी सांगितलं होतं ना? तो म्हणाला, “ते बाबांनी सांगितलं. हे मी बघितलं.”

मी रागावले. नंतर लक्षात आलं, शाळा बुडवून आणलं खरं, पण घंटा मीच बरोबर घेऊन फिरतेय. नेमावरला तर घाटावर बसून नदीच्या आवाजात अपूर्णांकांचे समच्छेद करून घेत होते. समच्छेद कधी वापरला मी गेल्या वीस वर्षांत?

उगमाचं कुंड पाहून मुलांचा हिरमोड झाला, “एवढंसंच?” शोण नदाचा उगम, सोनमुडा, मात्र आवडलं. नर्मदेचं लग्न शोणाशी ठरलेलं, त्याने जोहिला नदीकडे पाहिलं म्हणून ही रुसून पश्चिमेला निघून गेली, ही गोष्ट सासूबाईंनी इतकी रंगवून सांगितली की धाकट्याने शोणाच्या दिशेने एक खडा मारला.

११ डिसेंबर, नाशिक

घटक चाचणी आम्ही नसताना झाली होती, ती परवा एकट्याला बसवून घेतली. धाकट्याला गणितात २० पैकी ६. अपूर्णांकच. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच, त्याच्या बाकावर आता दुसरा मुलगा बसतो. “तू येणार नाहीस असं वाटलं,” मित्र म्हणाला म्हणे. रात्री उशीत तोंड खुपसून रडला. या दोन गोष्टी मी निघताना धरल्या नव्हत्या. त्या इथे लिहून ठेवते, कारण पुढच्या आठवड्यात कुणी विचारलं तर मी ‘छान झाली हो परिक्रमा’ एवढंच सांगेन.

थोरलीची वही पूर्ण करायला घेतली तेव्हा शेवटच्या पानावर तो जुना हिशोब दिसला, १६ भागिले २२०. त्याच्याखाली दुसरा मांडलाय. छेदात २२०, अंशाच्या जागी आधी ९०, मग खोडून ११०, मग तेही खोडून प्रश्नचिन्ह. उत्तराची जागा मोकळी.

वही मिटून दप्तरात ठेवली. धाकटा पाटी घेऊन बसलाय, जाते.