माईक गेनची टिकली: सीबीच्या वहीतून

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसांसाठीचा रेडिओ; इथले ट्रकवाले त्यावर बोलतात. आधी सामान सांगतो. रेडिओ कोब्रा 29 एलटीडी क्लासिक, गॅरेज सेलमधून उचललेला. अँटेना चुंबकाने चिकटणारा, पाचेक फुटी. गाडी जुनी सेडान, मुक्काम अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ. आय-81 आणि आय-83 हे महामार्ग इथे एकमेकांना भेटतात, पुढे कार्लाइलला ट्रकस्टॉपांची रांगच आहे. त्यामुळे चॅनल 19, म्हणजे 27.185 मेगाहर्ट्झ, क्वचितच गप्प असतं. हवेवरचं माझं नाव ‘हापूस’. ट्रकवाले त्याचं काय काय करतात ते विचारू नका.

6 एप्रिल
पहिला रेडिओ चेक. उत्तर आलं: जोरात येतोयस, पण बोलतोयस काय ते कळत नाही. दुसऱ्याने विचारलं, तोंडात मोजा कोंबलाय का? मी डायनामाइक (माईकमधला आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण म्हणजे माईक गेन, त्याला कोब्राने दिलेलं नाव) अर्ध्यावरून पुरता फिरवला आणि पुन्हा विचारलं. यावेळी कोणी उत्तरच दिलं नाही.

12 एप्रिल
अँटेना डिकीच्या कोपऱ्यावर होता. एसडब्ल्यूआर (रेडिओची ताकद अँटेनाकडून किती परत फिरते त्याचं माप, 1 च्या जितकं जवळ तितकं बरं) चॅनल 1 वर 2.6, चॅनल 40 वर 1.9. टपाच्या मधोमध ठेवला आणि 1 वर 1.4, 40 वर 1.7 असा झाला. 27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटरची, म्हणजे पाव लहर जवळजवळ नऊ फूट. आपला पाच फुटी अँटेना आतल्या कॉइलच्या जिवावर ती भरून काढतो आणि बाकीचं काम गाडीच्या पत्र्याकडून करून घेतो. डिकीच्या कोपऱ्यात त्याला पत्रा एकाच बाजूला मिळत होता.

ज्यांचा नेहमी घोळ होतो त्यांच्यासाठी (माझा दोनदा झाला): 40 वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, 1 वर जास्त असेल तर आखूड. मी आधी उलटं केलं, काडी बाहेर ओढली, आणि मग मीटरलाच शिव्या घातल्या. शेवटी पाच-सहा मिलिमीटर आत सरकवल्यावर दोन्ही टोकांना 1.3. मोजताना गाडी मोकळ्या मैदानात हवी, दारं बंद हवीत. गॅरेजमध्ये घेतलेले आकडे मी खोडून टाकले आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवतो. एसडब्ल्यूआर उतरला म्हणून आवाज गोड होत नाही. आवाज लांब जातो, आणि कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, बाहेरून परत येऊन माईकच्या वायरीत शिरणारी आरएफ (रेडिओची ताकद) कमी होते, एवढंच. मोजा तोंडात होताच.

20 एप्रिल
नवीन तक्रार: तुझ्या मागे डास गुणगुणतोय. ॲक्सिलरेटर दाबला की डासही वरच्या पट्टीत जायचा, म्हणजे अल्टरनेटर. मी वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेत होतो. दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत नेल्या, दोन्हींत बॅटरीजवळ फ्यूज टाकले. डास मेला. यापुढे सॉकेटवर रेडिओ चालवणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, त्याला नुसता डास ऐकवीन.

3 मे
या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरा चोर इथे सापडला.

आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तोवर सगळं लोकांच्या टोमण्यांवर चालतं. म्हणून टेबलावर आरटीएल-एसडीआर डोंगल लावला (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, 27 मेगाहर्ट्झ त्याच्या आवाक्यात येतं), रेडिओला अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड (हवेत न सोडता ताकद जिरवणारा रोधक) जोडला आणि स्वतःला रेकॉर्ड केलं. पहिलं रेकॉर्डिंग भयंकर. गेन कमी केला तरी भयंकर. तासभर रेडिओ उघडायच्या बेतात होतो, मग लक्षात आलं की डोंगलच गुदमरतोय, चार वॉटचा रेडिओ त्याच्या कानाशी ओरडतोय. डोंगलची अँटेना काढली, त्याचा गेन तळाला नेला, तेव्हा कुठे खरा आवाज कळला.

चाचणीला दोन वाक्यं ठेवली. ‘कच्चा पापड पक्का पापड’, कारण प माईकवर फुंकर मारतो. आणि ‘काळे राळे गोरे राळे’, कारण मधल्या पट्टीतला गोंधळ र आणि ळ मध्ये लगेच पकडता येतो. डायनामाइक पूर्ण असताना पापडाचा चुरा आणि राळ्यांची पेज. स्क्रीनवर माझा पट्टा शेजारच्या दोन्ही चॅनलांत सांडत होता.

कारण साधं आहे. एएममध्ये आवाज लहरीची उंची कमी-जास्त करतो. कायद्याने एएमवर कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारा मूळ सिग्नल, 4 वॉट. आवाजाने तो शंभर टक्के हलवला की शिखराला 16 वॉट, खाली शून्य. याहून जास्त ढकललं तर शून्याच्या खाली जायला जागाच नसते. लाट तिथे कापली जाते आणि त्या कापलेल्या कडांचा कचरा शेजाऱ्यांच्या दारात पडतो. रेडिओत हे रोखणारा लिमिटर असतो, पण माझ्यासारखा माईक ओठाला लावून ओरडणारा भेटला की तोही हात टेकतो. ‘तो लिमिटर कापून टाक, मस्त लाऊड होतं’ असा सल्ला मला तिघांनी दिला. तिघांचेही आवाज मी ऐकले आहेत, त्यामुळे कापला नाही.

गेन घड्याळातल्या दहाच्या आकड्यावर, माईक तोंडापासून चार बोटं आणि जरा तिरका, आवाज जेवणाच्या टेबलावर बोलतो तेवढा. पापड अख्खा आला. ‘स’ मात्र कधीच पूर्ण येणार नाही, कारण त्याचा बराचसा जोर 4 किलोहर्ट्झच्या वर असतो आणि एएमला एकूण रुंदीच 8 किलोहर्ट्झची मिळते, म्हणजे वरखाली चार-चार. नाव-गाव सांगायचं तर अक्षरं सुटी करून सांगावी.

बायकोच्या पाकिटातली एक टिकली गेनच्या त्या दहाच्या जागी चिकटवली आहे.

10 मे
ऐकण्याची बाजू. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा आवाज फाटायचा आणि मी त्यालाच नावं ठेवायचो. आरएफ गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) थोडा उतरवला, तर तो माणूस छान बोलत होता. स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद करणारं बटण) खरखर थांबेपर्यंतच फिरवायचा, पुढे गेलं की दूरचे लोक गायब.

साताऱ्याच्या आतेभावाने विचारलं, इकडे असं करता येईल का? भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ, 5 वॉटपर्यंत परवान्याविना आहे, पण अँटेना सेटमध्येच बसवलेला हवा. टपावर काडी लावून हिंडायचं तर त्याने हॅमची (हौशी रेडिओच्या परवान्याची) परीक्षा द्यावी. अभ्यास करतो म्हणालाय. बघू.

14 जून
दुपारी स्किप उघडला, म्हणजे लहरी आकाशातून उसळून लांब पोचू लागल्या. उन्हाळ्यात आयनोस्फियरच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) ई थरात दाट ढग जमतात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचे लोक गल्लीतल्यासारखे बोलू लागतात. चॅनल 19 वर नुसता मासळी बाजार. हात आपसूक गेनकडे गेला, बोटाला टिकली लागली, हात मागे घेतला. 2017 पर्यंत 250 किलोमीटरच्या पलीकडे मुद्दाम बोलायला इथे मनाई होती, आता नाही. जरा शांत चॅनल शोधून तीनदा हाक मारली. चौथ्यांदा टॅम्पाजवळच्या एकाने उत्तर दिलं, आणि ‘हापूस’ जसाच्या तसा म्हणून दाखवला. दीर्घ ऊकारासकट.

वायपर चालू केला की घरघर येते, ती अजून गेलेली नाही. पुढच्या पावसात बघतो.