रिक्वेस्ट नेमकी कुठे खोळंबते

सोमवार

मोठी वेब-अ‍ॅप्लिकेशन्स कशी उभी राहतात हे शिकायला घेतले, तेव्हा वाचनाची सुरुवात साहजिकच आकृत्यांपासून झाली. डावीकडे वापरकर्ते, मध्ये लोड बॅलन्सर (आलेले काम सर्व्हरांत वाटून देणारा), त्यामागे सर्व्हरची ओळ, बाजूला कॅश (वारंवार लागणारी उत्तरे हाताशी ठेवणारा साठा) आणि अगदी उजवीकडे डेटाबेसचे नळकांडे. या आकृत्यांत खोटे काही नसते, पण वेळ नावाची गोष्ट त्यांत कुठेच दिसत नाही. एखादी रिक्वेस्ट, म्हणजे वापरकर्त्याची सर्व्हरकडे आलेली मागणी, त्या बाणांवरून जाताना कुठे काम करते आणि कुठे नुसती उभी राहते, हे चौकोन पाहून कळत नाही. म्हणून सरावासाठी मी कार्यक्रमांच्या तिकीट-आरक्षणाचे अ‍ॅप्लिकेशन निवडले. विक्री उघडताच सगळे एकाच क्षणी येतात, सगळ्यांना पुढच्याच खुर्च्या हव्या असतात, आणि एक खुर्ची दोघांना विकून चालत नाही. शिकणाऱ्याला याहून चांगला छळ शोधून सापडणार नाही.

आज लोड टेस्ट चालवली. कृत्रिम वापरकर्त्यांची संख्या हळूहळू वाढवत नेली, तेव्हा एका टप्प्यापर्यंत प्रतिसादाचा वेळ जवळजवळ सपाट राहिला आणि मग त्याची रेषा एकाएकी उभी चढली. नवल असे की त्या वेळी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा सीपीयू अर्ध्याहून अधिक मोकळा होता, आणि डेटाबेसचाही. यंत्रे निवांत आणि वापरकर्ते ताटकळलेले! प्रत्येक रिक्वेस्टच्या वेळेचे तुकडे पाडून लॉगमध्ये लिहू लागलो तेव्हा उलगडा झाला. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालायला काही मिलिसेकंदच लागत होते, पण ती पाठवण्यासाठी डेटाबेसचे कनेक्शन हाती पडेपर्यंत त्याच्या कित्येक पट वेळ जात होता.

पोस्टग्रेस या मी वापरत असलेल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते आणि मूळ सेटिंगमध्ये कनेक्शनची कमाल मर्यादा १०० असते. त्यामुळे मोजकी कनेक्शन उघडी ठेवून ती आळीपाळीने वापरण्याची पद्धत आहे, तिलाच कनेक्शन पूल म्हणतात. माझ्या पूलमध्ये २० कनेक्शन होती. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम इथे कामाला येतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले प्रत्येकाचा आतला सरासरी मुक्काम. एका रिक्वेस्टने कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवले, तर २० कनेक्शनमधून सेकंदाला फार तर ४०० रिक्वेस्ट बाहेर पडतील. आता ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून पूर्ण किंवा सगळे मिळून रद्द होणारे डेटाबेसमधले काम) उघडे ठेवूनच पेमेंट गेटवेला, म्हणजे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेला, विचारणा केली, आणि गेटवेने उत्तराला २ सेकंद घेतले, तर हाच आकडा सेकंदाला १० वर येतो. यंत्रे तीच, क्वेरी त्याच. वाढली ती फक्त कनेक्शन अडवून ठेवण्याची मुदत. शिकाऊ उदाहरणांत ‘ट्रान्झॅक्शन सुरू करा, पैसे घ्या, नोंद करा, ट्रान्झॅक्शन संपवा’ असा क्रम सर्रास दिसतो. वाचायला तो नीटनेटका वाटतो, पण गर्दीत पहिला बळी त्याचाच जातो. नोंद ‘प्रलंबित’ म्हणून आधी करावी, कनेक्शन सोडून द्यावे, गेटवेशी बोलावे आणि मग नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल लिहावा, हे लांबलचक वाटले तरी तेच बरे.

पूल २० वरून ५०० केला तर? डेटाबेसच्या यंत्रातले कोअर आणि डिस्क काही त्यामुळे वाढत नाहीत. रांग पूलच्या दारातून उठते आणि डेटाबेसच्या पोटात जाऊन बसते, जिथे ती मोजणे अधिक अवघड असते.

मंगळवार

कालची रेषा एकाएकी उभी का चढली, हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. याचे उत्तर संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी फोनच्या वर्दळीचा संभाव्यतेच्या अंगाने विचार मांडणारा लेख १९०९ साली प्रसिद्ध केला आणि रांगांचे शास्त्र तिथून सुरू झाले. त्यातले सर्वांत साधे गणित असे: एकच सर्व्हर आहे, रिक्वेस्ट अनियमितपणे येतात आणि प्रत्येकीच्या कामाचा वेळही कमीजास्त असतो. सरासरी काम १० मिलिसेकंदांचे असेल, तर सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना रिक्वेस्टला एकूण सरासरी २० मिलिसेकंद लागतात, ८० टक्क्यांना ५०, ९० टक्क्यांना १०० आणि ९५ टक्क्यांना २००. म्हणजे ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत जाताना जेवढे बिघडत नाही, त्याच्या कितीतरी पट शेवटच्या ५ टक्क्यांत बिघडते. ‘सीपीयू अजून १० टक्के मोकळा आहे’ हे वाक्य मला पूर्वी दिलासा देणारे वाटायचे, आता ते ऐकून मी सावध होतो.

लोड टेस्टच्या साधनांबद्दलही एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. बरीच साधने आधीच्या रिक्वेस्टचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवतात. सर्व्हर मंदावला की परीक्षा घेणाराही आपोआप मंदावतो, आणि निकाल आहे त्याहून गोड दिसतो. खरे वापरकर्ते असे समंजस नसतात. आधीच्याला उत्तर मिळाले की नाही याच्याशी नव्याने येणाऱ्याला काही देणेघेणे नसते, आणि उशीर झाला की तो पान पुन्हा लोड करतो ते वेगळेच. त्यामुळे ठरलेल्या वेगाने, उत्तराची वाट न पाहता रिक्वेस्ट सोडत राहणारी चाचणीच मी यापुढे प्रमाण मानणार आहे.

गुरुवार

आज दोन तुलनेने सोप्या गोष्टी हातावेगळ्या केल्या. पहिली इंडेक्सची, म्हणजे हवी ती ओळ चटकन शोधून देणाऱ्या सूचीची. क्वेरी कशी चालते ते सांगणाऱ्या ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ या आज्ञेने दाखवले की एका वापरकर्त्याच्या तिकिटांची यादी काढताना डेटाबेस सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता आणि वाचलेल्या जवळजवळ सगळ्या ओळी फेकून देत होता. बायर आणि मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली बी-ट्री ही रचना आजही बहुतेक डेटाबेसांत इंडेक्सचा कणा आहे. एका पानात शेकडो किल्ल्या (ओळ ओळखण्याची मूल्ये) मावत असल्यामुळे कोट्यवधी ओळींतली हवी ती ओळ चार-पाच पाने उलटून सापडते. इंडेक्स घातला आणि प्रश्न मिटला. यादीची पानवारी मात्र ऑफसेटने, म्हणजे ‘इतक्या ओळी सोडून पुढच्या दे’ असे सांगून, करू नये. लाखावी ओळ दाखवायची तर आधीच्या सगळ्या ओळी मोजून टाकून द्याव्या लागतात. शेवटी दिसलेल्या ओळीच्या किल्लीपासून पुढे वाचणे केव्हाही स्वस्त.

दुसरी गोष्ट कॅशची, आणि ती वाटली तितकी सोपी निघाली नाही. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली मेमकॅश्ड हे कॅशचे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हापासून ‘डेटाबेसवर ताण आला की पुढे कॅश ठेवा’ हा सल्ला जणू पाठच झाला आहे. कार्यक्रमाचे नाव, वेळ, सभागृहाचा नकाशा हे सगळे कॅशमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. पण साठवलेल्या नोंदीची मुदत ज्या क्षणी संपते, त्या क्षणाकडे नीट पाहायला हवे. हजारो रिक्वेस्ट येतात, सगळ्यांना कॅश रिकामी दिसते आणि सगळ्या एकच जड क्वेरी घेऊन डेटाबेसवर तुटून पडतात. म्हणजे शांत वेळी उपयोगी पडणारी कॅश नेमकी गर्दीत दगा देते. उपाय असा की एका किल्लीसाठी एकाच रिक्वेस्टने डेटाबेसकडे जावे, बाकीच्यांनी तिच्या उत्तरावर विसंबावे किंवा तेवढ्यापुरते जुने उत्तर घ्यावे. आणि सगळ्या नोंदींच्या मुदती एकाच सेकंदाला संपू नयेत म्हणून प्रत्येकीत थोडा यादृच्छिक फरक ठेवावा.

शुक्रवार

खुर्ची शिल्लक आहे की नाही, याचा अंतिम निवाडा कॅशवर सोपवता येत नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच खुर्चीवर बोट ठेवले, तर आधी वाचून मग लिहिणाऱ्या कोडमध्ये दोघांनाही ती मोकळी दिसू शकते. मला पटलेला मार्ग एकाच अपडेटचा आहे: ‘ही खुर्ची मोकळी असेल तरच ती या वापरकर्त्याच्या नावे दहा मिनिटांसाठी राखून ठेव’ असे डेटाबेसला एका दमात सांगायचे आणि किती ओळी बदलल्या ते विचारायचे. १ आले तर खुर्ची मिळाली, ० आले तर दुसऱ्याने आधीच नेली. वाद घालायला जागाच उरत नाही. खुर्चीचा क्रमांक महत्त्वाचा नसेल, कुठलीही चालणार असेल, तर पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून असलेली ‘स्किप लॉक्ड’ची सोय उत्तम, दुसऱ्याने कुलूप घातलेल्या ओळीपाशी थांबून न राहता क्वेरी पुढची मोकळी ओळ उचलते.

खरी गोम दुसरीकडेच होती. ‘उरलेली तिकिटे’ हा आकडा मी कार्यक्रमाच्या ओळीत ठेवला होता आणि प्रत्येक विक्रीत तो एकने कमी होत होता. खुर्च्या वेगवेगळ्या असल्या तरी त्या एका ओळीवर सगळ्या विक्रींना एकामागून एक जावे लागते. ओळीवरचे कुलूप प्रत्येक वेळी ५ मिलिसेकंद राहिले, तर सेकंदाला २०० विक्रींपलीकडे जाता येणार नाही, मग मागे सर्व्हर दोन असोत की दोनशे. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो, हा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली समांतर संगणनाबद्दल दिलेला इशाराच इथे एका निरुपद्रवी दिसणाऱ्या रकान्यात दडलेला असतो. तो आकडा आता दर काही सेकंदांनी खुर्च्या मोजून काढला जातो. पानावर ‘सुमारे ३०० शिल्लक’ असे दिसले आणि प्रत्यक्षात २९१ असल्या, तर कुणाचे काही अडत नाही.

रविवार

आजचा दिवस बिघाडांचा. एखादी सेवा उत्तर देत नसेल तर पुन्हा प्रयत्न करावा, हे इतके स्वाभाविक वाटते की प्रत्येक थरात कुणी ना कुणी ती सोय घालून ठेवतो. ब्राउझर तीनदा, मधला सर्व्हर तीनदा, त्याखालची सेवा तीनदा. सगळ्यांत खालच्या डेटाबेसवर एका क्लिकपोटी २७ रिक्वेस्ट आदळतात, आणि त्याही तो आधीच गळपटलेला असताना. पुनःप्रयत्न एकाच थराने करावा, दोन प्रयत्नांतले अंतर वाढवत न्यावे, त्यात यादृच्छिकता असावी, आणि पैसे भरण्यासारख्या कृतीला एक ठरावीक ओळख-क्रमांक द्यावा, म्हणजे तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी पैसे एकदाच कापले जातील. माझ्या मते ही शेवटची सोय पहिल्या दिवसापासून हवी, कारण नंतर ती सगळ्या कोडभर घालत बसावे लागते.

सरासरीवर विश्वास ठेवू नये, हेही आज आकड्यांत पाहिले. जेफ डीन आणि लुईझ बरोसो यांनी २०१३ सालच्या लेखात दिलेला हिशोब असा, की एखादा सर्व्हर १०० पैकी एकाच रिक्वेस्टला एका सेकंदाहून जास्त वेळ घेत असला, तरी ज्या पानासाठी अशा १०० सर्व्हरांची उत्तरे गोळा करावी लागतात, त्या पानाला ६३ टक्के वेळा एका सेकंदाहून जास्त लागतो. सगळ्यांत संथ उत्तर येईपर्यंत बाकीची ९९ नुसती बसून असतात. अ‍ॅप्लिकेशनचे बारीक बारीक सेवांत तुकडे करण्याची आजकाल जी घाई दिसते, तिच्याबद्दलचा माझा उत्साह या हिशोबानंतर बराच ओसरला. प्रत्येक तुकडा म्हणजे नेटवर्कवरची एक जादा फेरी आणि खोळंबण्याची एक नवी जागा. तुकडे वेगवेगळ्या टीमसाठी करावे लागतात हे मान्य, पण वेगासाठी करतो असे म्हणणाऱ्याने आधी मोजून दाखवावे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ साली एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शन धरून दाखवली होती, आणि तीही एरलांग यांच्याच नावाच्या भाषेत लिहिलेल्या प्रणालीत.

शेवटी रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या मागोमाग अद्ययावत होत राहणारी त्याची प्रत, जोडली. वाचनाच्या क्वेरी तिच्याकडे वळवताच मुख्य डेटाबेसवरचा भार उतरला, पण रेप्लिकेपर्यंत नोंद पोचायला वेळ लागतो, आणि ती दुसऱ्या खंडात असेल तर प्रकाशाचाच वेग आड येतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १०० मिलिसेकंद, आणि त्यात कपात करणारे कोणतेही सॉफ्टवेअर नाही. परिणामी पैसे भरलेला माणूस ‘माझी तिकिटे’ उघडतो आणि यादी रिकामी दिसते. तो घाबरून पुन्हा पैसे भरण्याची शक्यता मोठी. यावर दोन उपाय होते: रेप्लिका मुख्य डेटाबेसच्या कुठपर्यंत पोचली आहे ते प्रत्येक वाचनाआधी तपासायचे, किंवा ज्याने नुकतेच काही लिहिले आहे त्याची वाचने काही काळ मुख्य डेटाबेसकडेच पाठवायची. पहिला उपाय काटेकोर आहे, पण तपासणीची यंत्रणा सांभाळावी लागते. मी दुसरा घेतला. विकत घेणारे पाहणाऱ्यांच्या मानाने नेहमीच थोडे असतात आणि त्यांचा भार मुख्य डेटाबेसला सहज पेलतो. रेप्लिका फारच मागे पडली तर तिला यादीतून आपोआप वगळायचे काम अजून बाकी आहे, ते या आठवड्यात करायचे आहे.