खडी, डांबर आणि आमचा मेळावा

इंग्लंडमधल्या आमच्या वाफयंत्रप्रेमींच्या मंडळाचा वार्षिक मेळावा ठरल्या क्रमानेच होतो: स्वागत, अहवाल (खजिनदार म्हणून मी वाचतो, ऐकत कुणीच नाही), विम्याच्या सूचना, की सगळे शेतात पळतात.

मी थांबतो ते खडीकरणाच्या प्रात्यक्षिकासाठी. रस्त्याच्या कामात हयात घालवलेले आमचे जुने फोरमन आजोबा माइकशिवाय बोलतात. तोंडात मावेल एवढाच दगड चालेल, ही खडीचे रस्ते रुजवणाऱ्या मॅकॅडमच्या नावावर खपणारी गोष्ट सांगता सांगता खडीचा एक तुकडा खरोखरच गालात धरतात. पोरं किंचाळतात. घोडागाड्यांना तो रस्ता पुरला. पण मोटारी आल्या, चाकांनी वरची चुरी उडवली आणि गावंच्या गावं धुळीने माखली. 1902 साली नॉटिंगहॅमशायरच्या हूलीने डांबर आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी एकत्र करण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे धूळ बसायची सोय झाली.

मग ते श्रूजबरीच्या ‘सेंटिनेल’कडे, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या ट्रककडे वळतात. केबिनमध्येच उभा बॉयलर, कोळसा त्याच्या डोक्यातून आत सोडायचा. 1930च्या दशकात वजनावरच्या जबर करामुळे वाफेचे ट्रक भंगारात गेले. तगले त्यातले बरेच डांबर फवारणारे, कारण टाकीतलं डांबर पातळ ठेवायला वाफ घरचीच होती. ‘रस्त्याने सांभाळलं हो यांना,’ म्हणताना आजोबांचा आवाज दरवर्षी याच जागी चिरकतो, आणि मी दरवर्षी चष्मा पुसायला काढतो. गावी बांधकाम खात्याचा, कपाळावर पितळी घोडा मिरवणारा अ‍ॅव्हेलिंग कंपनीचा वाफेचा रोलर बघत मी शाळा बुडवली आहे, माझं काय होणार दुसरं!

इथली आपली माणसं गणपतीला हॉल भरून टाकतात. मेळाव्याचं बोलावणं गेलं की ‘पाऊस नाही ना हो तिकडे?’

आभार राहायला नकोत: शेत देणारे काका, पहाटे पाण्याचा टँकर आणणारा त्यांचा जावई, कोळशाच्या गोण्या वाहणारे दोघे भाऊ, चहाच्या तंबूतल्या तिघी, दोर धरून पोरांना मागे ठेवणारी कॉलेजची मुलं, प्रथमोपचारवाल्या बाई, फाटकावरचे मुके गृहस्थ, आणि वडे तळणारी आमची सौ. पार्किंगवाले! बघा, सुटलेच होते. ‘येतो, येतो’ म्हणून न आलेल्यांची यादी वेगळी आहे, ती माझ्या वहीत.