धावपटूंचे गुळगुळीत पाय

आज सकाळी वेताळ टेकडीवर धावून झाल्यावर आमच्या गटातील एका तरुणाच्या गुळगुळीत पायांची बरीच थट्टा झाली. त्याने मात्र शांतपणे सांगितले की, पोटरीला आधार देणारी चिकटपट्टी केसांवर नीट बसत नाही आणि काढताना जीव जातो, शिवाय मालिश करताना केस ओढले जात नाहीत आणि मुरमावर घसरून खरचटलेच, तर जखम धुणे सोपे जाते. केस काढल्याने हवेचा रोध कमी होऊन वेग वाढतो, हे काहीजण देतात ते कारण मात्र मला पटत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला हा मुद्दा लागू पडेल. ताशी १२ किलोमीटरने धावणाऱ्याला तो रोध साधारण अकरापट कमी असतो. उरते ती हौस, आणि तीत गैर काहीच नाही. फक्त शर्यतीच्या आदल्या रात्री वस्तरा फिरवू नये, कारण ताज्या ओरखड्यांवर घाम फार झोंबतो.